दोष कोणाचा, श्रेय कोणाचे?

मनुष्य आपल्या कृत्यांना कितपत जबाबदार असतो, हा प्रश्न आम्हांला प्रथम भेटला तो सेमिनरीत, तत्त्वज्ञानाच्या वर्गात. तेथे तो फळ्यावर लिहिलेला होता आणि त्याचे उत्तरही फळ्यावरच होते. पुढे तोच प्रश्न धर्मगुरूनिवासाच्या ओट्यावर चालत आला, तेव्हा मात्र आम्ही त्याला ओळखले नाही. प्रायश्चित्त संस्कारात कानी पडलेले कागदावर उतरवण्याचा विचारही धर्मगुरूला शिवू नये. परंतु ओट्यावर चारचौघांदेखत घडलेली ही हकिगत त्या बाईंच्या संमतीने येथे सांगत आहोत.

१९९९ च्या मे महिन्यातील दुपार होती. गुरुदीक्षा होऊन आम्हांला जेमतेम वर्ष झाले होते. सकाळपासून दोन लग्ने आणि एक अंत्यविधी आटोपून आम्ही जेवावयास बसणार, तोच एक सासूबाई, त्यांचा मुलगा आणि सून अशी तिघे ओट्यावर येऊन उभी राहिली. दोन महिन्यांची नात आजीच्या खांद्यावर होती. सासूबाईंनी बसण्यापूर्वीच सुरुवात केली, “फादर, हिला तुम्हीच दोन शब्द सांगा. पोरीला जवळ घेत नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असते. रविवारी मिस्सालासुद्धा येत नाही. वाडीत लोक म्हणतात, मुलगी झाली म्हणून हिने तोंड फिरवलं.” मुलगा जमिनीकडे पाहत होता. सूनही जमिनीकडेच पाहत होती.

आम्ही दोन शब्दांवर थांबलो नाही. मातृत्व हे परमेश्वराचे दान आहे, पवित्र मरियेला तर बाळ ठेवावयास पाळणाही मिळाला नव्हता, तरीही तिने कुरकुर केली नाही, असे सांगत सांगत आम्ही आळस आणि कृतघ्नता या दोन पापांपर्यंत जाऊन पोहोचलो. शेवटी रोज जपमाळेची प्रार्थना करण्याचा उपदेश केला. सूनबाई एक शब्द बोलल्या नाहीत. सासूबाईंचे समाधान झाले. आम्ही आत जाऊन जेवलो आणि, आज सांगताना लाज वाटते, दुपारची झोपही आम्हांला उत्तम लागली.

पुढे महिन्याभरात त्या बाईंचा भाऊ त्यांना मुंबईस मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेला. बाळंतपणानंतर उद्भवणारा तो एक आजार होता. औषधोपचार सुरू झाले, सात-आठ महिन्यांनी त्या सावरल्या. गरोदरपणी स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके कित्येक पटींनी वाढलेली असतात. वार पडली की अवघ्या काही दिवसांत ती झपाट्याने खाली येतात. बहुतेक बाळंतिणी हा उतार कसाबसा पार करतात. काहींचे मन मात्र त्या उतारावर कोसळते. प्रोजेस्टेरॉनपासून तयार होणारे एक द्रव्य मेंदूला शांत ठेवणाऱ्या यंत्रणेवर काम करते. त्याच द्रव्याचे औषध या आजारासाठी म्हणून २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. साठ तास शिरेतून थेंब थेंब द्यावयाचे ते औषध. २०२३ मध्ये त्याच जातीच्या गोळीलाही मान्यता मिळाली. शिरेतून थेंबाथेंबाने देता येण्याजोग्या त्या द्रव्याला आम्ही ओट्यावर उभे राहून आळस आणि कृतघ्नता अशी नावे दिली होती.

ही बोच मनात असतानाच आमच्या हाती रॉबर्ट सापोल्स्की या मेंदूशास्त्रज्ञांचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘डिटरमिन्ड’ हे पुस्तक आले. मनुष्याला इच्छास्वातंत्र्य मुळीच नाही, असे त्यात त्यांनी प्रतिपादन केले आहे. आमच्या काही बंधुधर्मगुरूंनी पुस्तकाचे नाव ऐकूनच हात झटकले. आम्हांला तसे करता आले नाही, कारण हा गृहस्थ आरामखुर्चीत बसून बोलणारा नाही. संप्रेरके प्राण्याच्या वागणुकीशी काय खेळ करतात, हे पाहण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले आहे, आणि तेही आफ्रिकेच्या माळावर.

सापोल्स्की यांचा जन्म १९५७ चा, न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचा. घराणे कर्मठ ज्यू. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांची देवावरील श्रद्धा गेली, ती परत आली नाही. लहानपणी नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयातील पेंढा भरलेले गोरिला पाहून ‘आपण मोठेपणी यांच्यात राहावयाचे’ असे त्यांनी ठरवले होते आणि त्या तयारीने शाळकरी वयातच स्वाहिली भाषेचा अभ्यासही आरंभला होता. गोरिला मात्र राहिले बाजूला. हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन १९७८ मध्ये ते केनियास गेले आणि मसाई मारा अभयारण्यातील बबून माकडांच्या एका टोळीच्या मागे तंबू ठोकून बसले. त्यानंतर जवळजवळ तीन दशके दरवर्षी काही महिने ते तेथे जात राहिले.

माकडांना त्यांनी नावे दिली ती जुन्या करारातील. शलमोन, शौल, नबुखद्नेस्सर, राहेल, लेआ, दबोरा! लहानपणच्या धर्मशिक्षकांवर उगवलेला हा सूड होता, असे त्यांनीच ‘अ प्रायमेट्स मेमॉयर’ या २००१ च्या आत्मकथनात मिस्कीलपणे लिहून ठेवले आहे. आम्हांला त्याचा राग आला नाही. शौल राजाची शास्त्रात वर्णिलेली मत्सरी वागणूक आठवली, तर त्या माकडास ते नाव फारसे अन्यायाचे झाले असेल असे वाटत नाही.

वर्षाचे उरलेले महिने ते प्रयोगशाळेत असत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकइवन हे त्यांचे गुरू होते. याच मॅकइवन यांनी १९६८ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले होते, की ताणाचे संप्रेरक उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात, म्हणजे स्मरणशक्तीच्या माजघरातच, जाऊन मुक्काम करते. तोवर संप्रेरके म्हणजे मानेखालच्या शरीराची गोष्ट, अशीच सर्वसाधारण समजूत होती. सापोल्स्कींनी गुरूंच्या हाताखाली पुढचा प्रश्न हाती घेतला. हा पाहुणा फार दिवस राहिला तर घराचे काय होते? उंदरांवरील त्यांच्या प्रयोगांतून असे दिसले, की हे संप्रेरक दीर्घकाळ चढे राहिले तर हिप्पोकॅम्पसमधील पेशींची हानी होते.

येथे या संप्रेरकाविषयी थोडे सांगावयास हवे. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट दिसताच मेंदूकडून तेथे निरोप जातो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. मग साठवलेली साखर मोकळी होते, पचन थांबते, शरीराची वाढ आणि डागडुजी पुढे ढकलली जाते. सिंह मागे लागलेल्या झेब्र्याला हेच हवे असते. दोन-चार मिनिटांत एकतर झेब्रा सुटतो किंवा संपतो. दोन्ही प्रकारे काम झालेले असते. मनुष्य मात्र सिंह नसतानाही हीच यंत्रणा चालू ठेवतो. कर्जाचा हप्ता, मुलीचे लग्न, भावाशी चाललेला जमिनीचा दावा, साहेबाचा चेहरा यांपैकी काहीही पुरते, आणि तो सिंह वर्षानुवर्षे मागे धावत राहतो. झेब्र्यांना पोटात व्रण का होत नाहीत, अशा अर्थाचे नाव असलेले सापोल्स्कींचे १९९४ चे पुस्तक याच विषयावर आहे.

मसाई मारात हे मोजावयाचे कसे? तेथे त्यांची खरी कसोटी होती. माकडाला पिंजऱ्यात पकडले तर भीतीनेच संप्रेरक चढणार, म्हणजे मोजणी फुकट. म्हणून ते फुंकनळीतून गुंगीच्या औषधाची सुई मारीत. तीही दिवसाच्या ठराविक वेळी, ते माकड आजारी नसताना, नुकतेच भांडलेले नसताना, आणि मुख्य म्हणजे त्याचे लक्ष नसताना. मग ते कोसळले की पहिल्या काही मिनिटांत रक्त काढावयाचे. एका माकडाची शांती मोजण्यासाठी दिवस दिवस त्याच्या मागे असे बेफिकीर असल्याचे सोंग घेऊन हिंडावयाचे, ही तपश्चर्याच म्हणावी लागेल.

त्यांना दिसले ते असे. बबूनला पोट भरण्यासाठी दिवसाचे चारेक तास पुरतात; उरलेला वेळ तो एकमेकांना छळण्यात घालवतो. टोळीतील उतरंड पक्की असेल तर खालच्या पायरीवरील नरांच्या रक्तात कॉर्टिसॉल कायम चढे असते. मार कधी बसेल याचा त्यांना नेम नसतो. उतरंड डळमळीत झाली की वरच्यांचीही झोप उडते. तथापि सगळे पायरीवरच अवलंबून नसते. ज्या नराला खरे संकट आणि नुसती गुरगुर यांतील फरक कळतो, ज्याला अंगातील गोचिडी वेचून देणारे सोबती आहेत, त्याचे रक्त शांत असते.

आणि मग १९८३ ची ती घटना. अभयारण्यातील एका पर्यटक निवासाच्या कचऱ्याच्या खड्ड्यावर शेजारच्या टोळीची सत्ता होती. सापोल्स्कींच्या टोळीतील दांडगे नर रोज पहाटे तेथे जाऊन भांडून उष्टे मिळवीत. भांडण्याची ताकद वा इच्छा नसलेले नर घरीच राहत. त्या खड्ड्यात क्षयाने दूषित झालेले मांस आले. जे गेले ते मेले. टोळीतील जवळजवळ निम्मे नर गेले, आणि तेही नेमके दांडगे. उरले ते सौम्य नर, माद्या आणि पिले.

यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. नवल पुढे आहे. बबूनांत नर वयात आला की जन्मटोळी सोडून दुसऱ्या टोळीत जातो. १९९३ पर्यंत, म्हणजे दहा वर्षांत, त्या टोळीत मूळचा एकही नर उरला नव्हता. सगळे बाहेरून आलेले होते, अन्यत्र दांडगाईतच वाढलेले होते. तरीही टोळीची रीत सौम्यच राहिली होती. खालच्या पायरीवरील नरांच्या रक्तात ताणाच्या खुणा नव्हत्या. लिसा शेअर यांच्यासह २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात सापोल्स्कींनी ही हकिगत मांडली. इतर टोळ्यांत माद्या नव्या नराला आठवडेच्या आठवडे जवळ फिरकू देत नाहीत. येथे त्या त्याला फार लवकर जवळ बसवून घेत, त्याचे अंग साफ करीत. कोणी उपदेश केला नाही, शिक्षा केली नाही. नवागताला नीट वागवले एवढेच, आणि त्याचे रक्त बदलले. हे वाचताना आम्हांला लग्न होऊन नव्या घरात आलेल्या सुना आठवल्या. आमच्या ओट्यावर उभी राहिलेली ती एक सून तर पुन्हा पुन्हा आठवली.

एवढा संशोधक माणूस अखेरीस कोणत्या निष्कर्षास येतो? ते म्हणतात, कोणतेही कृत्य घ्या. ते घडण्यापूर्वी एक क्षण आधी मेंदूत काय झाले ते पाहा. मग त्या आधीच्या तासांत कोणते संप्रेरक चढलेले होते. मग कुमारवय कसे गेले, कारण कपाळामागचा विवेकाचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत नाही. मग बालपण, मग आईचे उदर, मग आईबापांकडून आलेले गुणसूत्र, मग ज्या समाजात जन्मलो त्याची शतकांची घडण. या साखळीत कोठेही एखादी कडी सुटी, स्वतःहून हलणारी सापडत नाही. म्हणून दोष कोणालाच देऊ नये. ब्रेक नादुरुस्त असलेली गाडी आपण रस्त्यावरून दूर ठेवतो, पण तिला पापी म्हणत नाही. गुन्हेगाराचेही तसेच करावे. आणि जो तर्क दोषाला लागू तोच श्रेयालाही. पदवीदान समारंभातील विद्यार्थी आणि तेथील कचरा उचलणारा माणूस यांचे बालपण व रक्त यांची अदलाबदल केली असती, तर आज दोघांच्या जागांचीही अदलाबदल झाली असती, असे ते म्हणतात. या शेवटच्या वाक्यावर आम्ही बराच वेळ थबकलो. एसएससीच्या निकालानंतर गुणवंतांचा सत्कार करताना आम्ही जी भाषणे करतो, त्यांत हा कचरा उचलणारा कधीच नसतो.

त्यांच्या एका दाखल्याबद्दल मात्र सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. इस्राएलमधील न्यायाधीश खाणे झाल्यावर कैद्यांना अधिक उदारपणे पॅरोल देतात आणि भूक लागत गेली की नकार वाढतात, असे २०११ मध्ये हजाराहून अधिक निकालांवरून दाखवण्यात आले. इतर अभ्यासकांनी त्याच वर्षी हरकत घेतली, की प्रकरणांचा क्रमच सरमिसळ नव्हता. वकील नसलेले कैदी सुट्टीच्या आधी शेवटी येत. तेव्हा सगळे खापर भुकेवर फोडता येत नाही. तरीही त्या मे महिन्यातील दुपारी आम्हीही जेवलो नव्हतो, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करून ठेवतो.

या माणसाशी आमचे काही भांडण आहे का? वाटते तितके नाही. सेमिनरीत आम्हांला ‘आक्तुस होमिनिस’ आणि ‘आक्तुस हुमानुस’ असे दोन लॅटिन शब्दप्रयोग घोकावे लागत. पहिला म्हणजे माणसाच्या हातून नुसते घडलेले कृत्य, दुसरा म्हणजे जाणून आणि इच्छून केलेले कृत्य. नैतिक हिशेब फक्त दुसऱ्याचा. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी लिहून ठेवले, की इच्छेच्या आधी उसळलेला विकार पापाचे वजन कमी करतो. त्यांना कॉर्टिसॉल ठाऊक नव्हते. विकार इच्छेच्या आधी धावतो, हे ठाऊक होते. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात तर अज्ञान, भीती, सवय, मानसिक व सामाजिक कारणे यांनी कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, क्वचित नाहीशीही होऊ शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. संत पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात आपली स्वतःची हीच ओढाताण उघड केली आहे.

पण ग्रंथात लिहिलेले ओट्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. १९१७ च्या धर्मसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या केलेल्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. १९८३ च्या संहितेतून तो उल्लेख गेला. धर्मशिक्षण ग्रंथ तर सांगतो, की अशा माणसाच्या तारणाविषयी निराश होऊ नये. या दोन सालांमध्ये सहासष्ट वर्षे गेली. त्या वर्षांत कोणकोणत्या गावी कोणकोणत्या आया मुलाच्या दुःखाबरोबर त्याच्या दफनाचेही दुःख घेऊन जगल्या असतील, याची नोंद कोठेही नाही. सापोल्स्की आपल्या पुस्तकात फेफरे येणाऱ्यांना चेटकी ठरवणाऱ्या काळाची, आणि मुलाला स्किझोफ्रेनिया झाला तर आईच्या थंड स्वभावाला दोष देणाऱ्या विसाव्या शतकातील वैद्यांची आठवण देतात. म्हणजे चूक धर्मवाल्यांचीच होती असे नाही, शास्त्रवाल्यांचीही होती. दोन्हीकडे तिची पद्धत एकच होती. जे दिसत नव्हते, त्याला आपण ‘तिची इच्छा’ म्हणत होतो.

तेव्हा आजवर ज्याला आपण पाप म्हणत आलो, त्यातील बराच भाग आजार, भूक, बालपण आणि रक्त यांच्या खाती जमा करावा लागेल, हे आम्ही मान्य करतो. आणखीही करावा लागेल. कितपत, हे धर्मगुरूने नव्हे तर शास्त्रज्ञांनी सांगावयाचे आहे. प्रश्न आहे तो एवढाच, की सर्व वजा जाता शेवटी काही उरते का?

सापोल्स्की म्हणतात, शून्य. येथे आमचे पाऊल अडते. आमचे अडणे धर्मगुरूच्या हितसंबंधातून आलेले आहे, असा संशय वाचकांनी घेऊ नये, म्हणून सांगतो, की डॅनियल डेनेट (१९४२–२०२४) हे निरीश्वरवादी तत्त्वज्ञदेखील याच जागी त्यांच्याशी वाद घालीत. डेनेट यांचे म्हणणे असे, की साखळी मान्य; पण ज्याला कारणे समजतात, जो सांगितलेले ऐकून आपले वागणे बदलू शकतो, तो जबाबदारीस पात्र होतो, आणि स्वातंत्र्याचा एवढा अर्थ पुरेसा आहे. आम्हांला तो पुरेसा वाटत नाही. मनुष्याच्या आत्म्याविषयी आमची श्रद्धा यापुढे जाते. परंतु श्रद्धेचा हुकमाचा पत्ता टाकून डाव संपवणे आम्हांला शोभणार नाही. शिवाय टोळीच्या हकिगतीवरून ‘पाहा, बदल शक्य आहे, म्हणजे स्वातंत्र्य आहे’ असेही म्हणता येत नाही. तो बदलही कारणांनीच झाला, हे सापोल्स्कींचे उत्तर तयार आहे आणि ते बरोबर आहे. स्वतः सापोल्स्कीही कबूल करतात, की आपल्याच मतानुसार रोज जगणे त्यांना फार कठीण जाते. कोणी स्तुती केली की त्यांनाही बरे वाटते. यावरून त्यांचे मत खोटे ठरत नाही. आम्हांलाही आमच्या प्रवचनाप्रमाणे रोज जगता येत नाही.

पुस्तक वाचून होईपर्यंत आमची स्थिती अशी होती, की त्यांचा युक्तिवाद आम्हांला खोडता येत नव्हता आणि गिळताही येत नव्हता. त्याच सुमारास त्या बाई आल्या.

आता त्या पन्नाशीकडे झुकल्या आहेत, आम्ही साठीकडे. ओट्यावर आजीच्या खांद्यावर आलेल्या त्या मुलीचे लग्न ठरले होते, त्याची पत्रिका घेऊन त्या मुद्दाम बस बदलून आमच्या आजच्या धर्मग्रामापर्यंत आल्या होत्या. सासूबाई जाऊन बरीच वर्षे झाली. चहा झाला, मुलाकडच्यांची चौकशी झाली. मग आम्ही त्यांना या पुस्तकाविषयी थोडे सांगितले, आणि म्हणालो, की तुमचा त्या वेळी काहीच दोष नव्हता, हे आज आम्हांला पुरते कळते.

“ते मला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं, फादर,” त्या म्हणाल्या. “नंतर सगळेच सांगू लागले. ती तू नव्हतीस, तो आजार होता. ऐकून बरं वाटायचं. अजून वाटतं. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. त्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या सासूबाई मयताच्या घरी बसायला गेल्या होत्या. हे कामावर. पोर रडत होती. मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. दुसऱ्याच्या घरातलं पोर रडावं तसं. किती वेळ तशीच पडून होते, कोण जाणे. मग उठले. तिला घेतलं, पाजलं, परत ठेवलं. तेव्हाही काही वाटलं नाही. माया नव्हती, फादर, खरं सांगते. औषधं तर अजून सुरूही झाली नव्हती. नुसती उठले.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “आता तुमचा तो शास्त्रज्ञ म्हणतो, की त्यातलं माझं काहीच नव्हतं. भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते माझं नव्हतं, तर उठले तेही माझं नव्हतं का?”

सापोल्स्कींचे उत्तर आम्हांला ठाऊक होते. बालपणी आईला तसे उठताना पाहिलेले असेल. ओढा नव्हता तरी सवय असेल. त्या रात्री रक्तातील एखादे द्रव्य किंचित बाजूला सरकले असेल. हे सर्व खरेही असेल. पण ते बोलण्यासाठी आमचे तोंड उघडेना. ज्या आजाराने तिच्याकडून सर्व काही काढून घेतले होते, त्यातूनही जे एक कृत्य तिने वाचवून आणले, ते तिच्या हातून काढून घेण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? १९९९ मध्ये आम्ही तिच्यावर नसलेला दोष लादला. आता शास्त्राचा हवाला देऊन असलेले श्रेय काढून घ्यावयाचे? “नाही,” आम्ही म्हणालो. “ते तुमचंच होतं.” हे आम्ही सिद्ध करू शकत नाही.

मग जे आम्ही बरीच वर्षे पुढे ढकलीत आलो होतो, ते बोलावयाचे ठरवले. त्या दुपारी ओट्यावर आम्ही जे बोललो, त्याबद्दल आम्ही त्यांची क्षमा मागितली. ती मागताना आमच्या मनात एक चमत्कारिक विचार चमकून गेला. बाईंनी आता आमचेच शास्त्र आमच्यावर उलटवले तर? फादर, तुमचा काय दोष, तुमचे वय सत्तावीस-अठ्ठावीस, नुकतेच सेमिनरीतून आलेले, दुपारची वेळ, पोटात अन्न नाही, समोर सासूबाईंसारखी वजनदार बाई. तुम्ही दुसरे बोलणार तरी काय होता? असे म्हणून त्या आम्हांला सहज सोडवू शकल्या असत्या. आम्हांला ते सोयीचेही झाले असते. आणि, वाचकहो, नेमके तेच त्यांनी म्हणू नये असे आम्हांला त्या क्षणी तीव्रतेने वाटले.

त्यांनी तसे म्हटले नाही. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला.

“तुम्ही बोलला होता खरं,” त्या म्हणाल्या. “फार लागलं होतं मला. जपमाळ हातात घेतली की तुमचा आवाज यायचा, म्हणून कितीतरी दिवस मी जपमाळच धरली नाही. मग पोरीच्या पहिल्या ख्रिस्तशरीरस्वीकाराच्या वेळी एकदा मनाशी म्हटलं, जाऊ दे, माफ केलं. पण वेळ लागला, फादर. आठ-नऊ वर्षं लागली.”

मग त्यांनी पिशवीतून पत्रिका काढली, पाकिटावर आमचे नाव घातले नव्हते म्हणून आमच्याच टेबलावरील पेन घेऊन ते लिहिले, आणि मिस्सा सकाळी दहाची आहे, वेळेवर या, असे बजावून त्या परतीच्या बससाठी निघाल्या.